चौकशीला आलेला माणूस

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१३ जुलै २००१

चि. शांभवीस, अनेक आशीर्वाद.

माझ्या तोंडून तुझं नुकसान झालं आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. फोन केला नाही, कारण फोनवर तू मध्ये बोलतेस. हे पूर्ण वाच आणि मग काय चिडायचं ते चीड.

सोमवारी सकाळी एक माणूस गल्लीत आला. आधी ज्ञानूच्या पानपट्टीवर तुझं नाव काढलं, मग दूध डेअरीत, मग समोरच्या बाळाबाईकडे. शेवटी आपल्या दारात येऊन त्यानं पाणी मागितलं. पांढरा शर्ट, पन्नाशीचा, बोलणं गोड. म्हणाला, "तुमच्या शांभवीबद्दल जरा चौकशी हुती."

मी विचारलं, "कुणासाठी?"

"ते सांगायची पद्धत न्हाई, बाई."

मला ते पटलं. सोयरिकीच्या चौकशीला आलेला माणूस नाव सांगत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. तुझ्या आईला बघण्याआधी आमचे अप्पा, तुझे आजोबा, म्हैस घ्यायला आलोय म्हणून कागलला जाऊन आले होते. म्हैस पसंत पडली नाही, मुलगी पडली. आणि जूनमध्ये तू मला चार पानं लिहिली होतीस, की इंटरनेटवर ओळख झालेला अमेरिकेतला संगमेश नावाचा मुलगा आहे, मूळचा चंदगडकडचा, आणि त्याच्या घरचे 'कुणाला तरी पाठवतील बहुतेक'. मी हिशेब जुळवला: हाच तो पाठवलेला.

ती सोयरीक मला मोडायची होती. स्पष्ट लिहिते. परराष्ट्र सेवेत आपल्या पेठेतून कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. तू परीक्षा पास झालीस, सेवा हातात आली, फक्त नेमणुकीचा कागद यायचा राहिला. आणि आता कधी न पाहिलेला एक मुलगा कॉम्प्युटरमधून हात घालून तुला घेऊन जाणार. म्हणून मुलाच्या आईला ज्याची भीती वाटेल तेवढं सगळं मी त्या माणसाला सांगितलं. म्हटलं, मुलगी तापट आहे. मोठ्यांचं ऐकत नाही. परदेशातल्या माणसाशी तासन्‌तास कॉम्प्युटरवर बोलते. हातात घेतलेलं काम वर्षभरही टिकवत नाही. आणि सासू सगळ्यात जास्त ज्याला घाबरते तेही सांगितलं, की हिच्या पोटात काही राहत नाही, घरातलं बोलणं बाहेर नेते.

त्यानं हे एका छोट्या वहीत लिहून घेतलं. तेव्हाही मला शंका आली नाही. उलट वाटलं, लोक व्यवस्थित दिसतात, नकार लेखी येईल.

तो गेल्यावर बाळाबाई आली. "बाई, पोलीस कशाला आला हुता ओ?"

"पोलीस कुठला? पाहुणा होता."

"आवो, पायात लाल बूट बघितला न्हाईसा व्हय? असला बूट पोलिसाबिगर कोण घालतंय?"

चौतीस वर्षं शाळेच्या फाटकात उभी राहून मी पोरींच्या पायांतल्या चपला तपासल्या. त्याचे बूट पाहिले नाहीत.

काल तो गणवेशात परत आला. हवालदार केरबा पोवार, चारित्र्य पडताळणीचं काम त्याच्याकडे असतं. नेमणुकीआधी दिल्लीहून कागद येतो आणि हे लोक साध्या कपड्यांत चौकशी करतात. माझा जबाब लिहून सहीला आणला होता. मी वाचला. 'सदर उमेदवार तापट स्वभावाची असून घरातील गोष्टी बाहेर सांगण्याची सवय आहे. परदेशस्थ इसमाशी संगणकावरून नियमित संपर्क. नोकरीत टिकण्याची शक्यता कमी.' माझीच वाक्यं, फक्त सरकारी केलेली.

मी सही केली नाही. समजूत कशी चुकली ते सांगितलं. तो म्हणाला, "मग खरं काय ते तुमच्या हातानं लिवून द्या. धा ऑगस्टला कागद वर जातोय. त्याच्या आत आणलासा तर जोडतो. न्हाईतर मी ऐकलंय ते ऐकलंयच की."

मी लिहून देणार आहे. पण एकदा खोटं बोलले, त्याच कागदावर दुसऱ्यांदा बोलणार नाही. तेव्हा मला सांग: तू ही नोकरी करणार आहेस की सोडून जाणार आहेस? आणि हा संगमेश तुझा कोण? उत्तर येईल तसं लिहीन.

आण्णाला अजून सांगितलेलं नाही. तुझा बाप आधी रडेल आणि मग गल्लीत सांगेल.

तुझी
आक्का

---

राजेंद्र नगर, नवी दिल्ली
२० जुलै २००१

ती. आक्कास शांभवीचा नमस्कार.

तुझं पत्र जिन्यात उभी राहूनच वाचलं. मग खोलीवरच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर ती लोळून हसायला लागली, आणि 'नकार लेखी येईल' इथं मलाही हसू आलं. त्यानंतर रात्रीचं जेवण गेलं नाही. म्हणजे चिडून झालेलं आहे.

आक्का, तू मला सांगितलं असतंस की मुलगा नको, तर मी तुझ्याशी भांडले असते. आपण दोघी आयुष्यभर भांडतच आलो. पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे तू म्हणावंस? चौथीत असताना तुझा चष्मा माझ्या हातून फुटला, ते मी दहावीपर्यंत कुणाला बोलले नव्हते.

नोकरीचं उत्तर सोपं आहे. तू मटार सोलायला बसलीस की मला देशांच्या राजधान्या विचारायचीस. बरोबर आली तर एक शेंग माझी, चुकली तर तुझी. मंगोलियाची चुकली तेव्हा अख्खी ओंजळ काढून घेतलीस. त्या दिवसापासून मला त्या सगळ्या गावांत जायचं आहे. फिरायला नाही. आपल्या देशाचा माणूस म्हणून तिथल्या टेबलापाशी बसायला, आणि समोरचा जे बोलतो त्यामागचं जे बोलत नाही ते ऐकायला. मुलाखतीत मला विचारलं, परराष्ट्र सेवाच का. मी मटाराचं सांगितलं नाही, पण उत्तर तेच होतं. ही नोकरी मी सोडणार नाही.

संगमेशचं एवढं काही नाही. मी जूनमध्ये जरा जास्तच लिहिलं. मित्र आहे, दूरचा. तू कागदावर लिही की तसा कुणी नाही. एका ओळीचं काम आहे आणि कुणाचं वाईटही होत नाही.

तुझी छाती कशी आहे? पावसाळ्यात पहाटे न्हायला जाऊ नकोस.

तुझी
शांभवी

---

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२७ जुलै २००१

चि. शांभवीस, आशीर्वाद.

चष्मा तू फोडलास हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तो विषय संपला.

'तसा कुणी नाही' असं मी लिहिणार नाही. नसलेल्या माणसावर कुणी चार पानं लिहीत नाही, आणि लिहिल्यावर 'एवढं काही नाही' म्हणत नाही. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी चंदगडला गेले. तू मला खरं सांगत नव्हतीस, तेव्हा मीच चौकशीला निघाले. अप्पांसारखी म्हशीची थाप मारली नाही. छत्री उलटी झाली, दोन्ही पाय चिखलात, तशीच संगमेशच्या गावच्या डेअरीत जाऊन उभी राहिले आणि सेक्रेटरीला विचारलं, त्याच्या घरचं दूध कसं असतं?

तो म्हणाला, "फॅट एक नंबर. पाण्याचा थेंब न्हाई. पोरीकडची काय तुम्ही?"

मी पोचायच्या आत निरोप पोचला होता. संगमेशच्या आईचं नाव चिमणाबाई. दारातच म्हणाली, "या पावणं. डेअरीतनं पोरगं पळत येऊन सांगून गेलं, छत्रीवाली बाई चौकशीला आल्यात म्हणून. पाय धुवा आधी."

घर स्वच्छ आहे. भात पेरला आहे, मागे काजूची बाग. नवरा वारल्यावर या बाईनं दोन मुलं वाढवली आहेत. मी विचारलं, तुम्ही आमच्याकडे कुणाला पाठवलं होतं का? म्हणाली, "आमी कशाला धाडतोय? आमाला तुमचा पत्ता तरी कुठं ठावं हाय? पर कायतरी हाय हे मला कळलंय. आयतवारी फोन करतंय. पयलं भाताचं इचारायचं, म्हशीचं इचारायचं. आता म्हणतंय, आई, दिल्लीत लई ऊन हाय गं. मी हितं पावसात भिजायलोय, आणि मला दिल्लीच्या उन्हाचं काय करायचंय?"

मला हसू आलं. ते मी तिला दिसू दिलं नाही.

मग तिनं आणखी एक सांगितलं, आणि त्यासाठी हे पत्र लिहिते आहे. "आठ वर्सं झाली जाऊन. आता म्हणतंय तिकडंच नाव लागणार, ऑगस्टात शपथ हाय. म्हंजे आता आमचं न्हाईच का ओ ते?"

आता तुला विचारते. तो महिन्याभरात अमेरिकेचा नागरिक होणार आहे, हे तुला माहीत होतं का? मी काल नगर वाचनालयात बसून नियम काढून घेतले. परराष्ट्र सेवेतल्या माणसाला परदेशी नागरिकाशी लग्न करायचं तर आधी सरकारची परवानगी लागते, आणि त्या अर्जासोबत राजीनामाही लिहून द्यावा लागतो. तो स्वीकारायचा की परत करायचा, हे सरकार ठरवतं. असा नियम तू वाचला नसशील, हे मी मानत नाही. तू नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेस. मीच शिकवलं आहे.

पोटात काही राहत नाही असं मी म्हटलं ते किती खोटं होतं, याचा पुरावा तूच दिलास. तो मला जबाबात वापरता येणार नाही एवढीच अडचण.

दिवस थोडे आहेत. स्पीड पोस्टानं उत्तर दे.

आक्का

---

राजेंद्र नगर, नवी दिल्ली
२ ऑगस्ट २००१

ती. आक्कास नमस्कार.

माहीत होतं. मे महिन्यापासून. नियमही माहीत होता. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मलाच त्याकडे बघावं लागलं असतं.

आता सगळं सांगते. गेल्या वर्षी मुख्य परीक्षेच्या आधी मी सायबर कॅफेत वर्तमानपत्रं वाचायला जात होते. तिथं इंटरनेटवर बाहेर राहणाऱ्या कोल्हापूरकरांचा एक गट सापडला. त्यात कुणीतरी फुटबॉलवर लिहिलं होतं की पेठेतल्या तालमींच्या संघांना फक्त मारामारी येते, खेळ येत नाही. मी दीड पान ठोकून दिलं. मारामारीही आम्हाला चांगली येते, असं शेवटी लिहिलं. तो माणूस संगमेश. शिक्षणासाठी तीन वर्षं कोल्हापुरात खोली घेऊन राहिला होता, आणि प्रत्येक सामन्याला आपल्या विरुद्ध बाजूला बसत होता. मला आवडलं ते एवढंच, की चूक दाखवली की तो कबूल करतो आणि पुढच्या वाक्यात पुन्हा भांडतो.

मग रोज लिहायला लागलो. आक्का, मी त्याला पाहिलेलं नाही. एक फोटो आहे, त्यात तो बर्फात उभा आहे आणि टोपीमुळे नाकच दिसतं. आवाज तीनदा ऐकला. तरीही मुलाखतीच्या आदल्या दिवशी मला झोप येत नव्हती तेव्हा मी तुला फोन केला नाही, त्याला लिहिलं. तुला केला असता तर तू राजधान्या विचारल्या असत्यास.

तुझं चंदगडचं पत्र आल्यावर मी त्याला सगळं कळवलं. हवालदार, लाल बूट, सगळं. त्याचं उत्तर दोन दिवस आलं नाही. आधी कधी असं झालं नव्हतं. त्या दोन दिवसांत मी एक गोष्ट पक्की केली. दोन्ही हवं असणं हा गुन्हा नाही, पण एकासाठी दुसरं लपवणं मला जमणार नाही. मला देशासाठी टेबलाशी बसायचं आहे, आणि पहिल्याच कागदावर मी तुझ्याकडून खोटं लिहून घेत होते.

म्हणून मी काल मंत्रालयाला स्वतः लिहून दिलं. अमुक नावाच्या व्यक्तीशी माझी एक वर्षाची ओळख आहे, ती इंटरनेटवर झाली, लग्न ठरलेलं नाही, आणि तसा विचार झाला तर आधी परवानगी मागेन. तिथल्या बाईंनी कागद घेतला, वरखाली बघितलं आणि म्हणाल्या, हे स्वतःहून सांगायला फार कमी मुली येतात. त्यांचा चेहरा बरा होता की वाईट, ते मला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी संगमेशचं पत्र आलं. त्यानं शपथेची तारीख पुढं ढकलून मागितली आहे. 'सोडली नाही, ढकलली आहे,' असं लिहिलंय. पुढे म्हणतो, डिसेंबरात येईन, आधी आईकडे, मग तुमच्या पेठेत. समोर बसल्यावर तुला मी नको असेन तर आपण दोघं सुटलो, आणि हवा असेन तर मग कुणी काय सोडायचं ते बोलू. त्यानं वचन काही दिलेलं नाही. मीही मागितलं नाही.

तेव्हा जबाबात आहे ते लिही, त्याच्या नावासकट. नेमणूक गेली तर खऱ्यानं गेली असं तरी होईल.

आणि एक विचारायचं आहे. तूही ही परीक्षा देणार होतीस, अप्पांनी अडवलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. तू माझी सोयरीक एवढ्या जोरानं मोडायला निघालीस ती त्याचमुळे का?

तुझी
शांभवी

---

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ ऑगस्ट २००१

चि. शांभवीस, अनेक आशीर्वाद.

आज सकाळी जबाब दिला. परवा तुझं पत्र मिळालं आणि काल दिवसभर लिहीत बसले. चार वेळा फाडला. पोरींची प्रगतिपुस्तकं लिहिताना मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

पहिलं वाक्य असं: 'मी, शिवम्मा बसलिंगाप्पा हुक्केरी, वय ५८, निवृत्त मुख्याध्यापिका, लिहून देते की दिनांक ९ जुलै रोजी मी माझ्या भाचीबद्दल सांगितलेल्या गोष्टी खोट्या आहेत, आणि त्या मी जाणूनबुजून सांगितल्या.' यावर साक्षीदाराची सही हवी होती. बाळाबाईला बोलावलं. तिला वाचता येतं, तिनं मोठ्यानं वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई, तुम्ही खोटं बोललासा? तुम्ही?"

"हो."

"मग आमी गल्लीत आजवर बोललो त्ये काय मोठं न्हवतं म्हणायचं." असं म्हणून तिनं खुशीत सही केली. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल. कळू दे.

बाकीच्या कागदात मी तुझी स्तुती केलेली नाही. तापट आहेस हे ठेवलं. ते खरं आहे. मोठ्यांचं ऐकत नाहीस हेही ठेवलं, पुढे लिहिलं की आधी कारण विचारते, ते पटलं तर ऐकते. काम टिकवत नाही हे खोडलं आणि तीन वर्षांच्या अभ्यासाचा दाखला दिला. गुपिताबद्दल लिहिलं की घरातली गोष्ट ती घरातल्यांनाही सांगत नाही. संगमेशचं नाव, गाव, आईचं नाव लिहिलं, आणि तू स्वतः मंत्रालयाला कळवल्याचं लिहिलं.

पोलीस कार्यालयात केरबा पोवारनंच कागद घेतला. बसायला खुर्ची दिली. शांतपणे वाचून म्हणाला, "बाई, बत्तीस वर्सं मी ह्या चौकशा करतोय. पोरीचं वाईट सांगणारी सख्खी आत्या पयल्यांदाच बघितली. तवाच मनात आलं, हितं कुठली तरी सोयरीक मोडायचं चाललंय."

मी म्हटलं, "मग तेव्हाच सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला बी शिकवायला लागला असतासा. म्हणून लिवून सहीला आणलं. आपलं बोलणं कागदावर बघितलं की मानूस सरळ हुतंय." मग कागदाला टाचणी लावत म्हणाला, "पुढचं माझ्या हातात न्हाई. पर दोन्ही कागद बरुबर जातील." मी त्याला नमस्कार केला. आयुष्यात पहिल्यांदा पोलिसाला.

आता तुझा प्रश्न. अप्पांनी मला अडवलं नाही.

१९६५ साली मी बी. ए. झाले होते. गुळाच्या व्यापारासाठी अप्पा मुंबईला जात. त्यांनीच कुणाकुणाला विचारून परीक्षेचा फॉर्म आणला आणि मला म्हणाले, भर. तेव्हा नियम होता, की परराष्ट्र सेवेतल्या बाईनं लग्न करायचं तर परवानगी मागायची, आणि सरकारला वाटलं तर नोकरी सोडायची. मला लग्न करायचंच नव्हतं, तेव्हा तीही अडचण नव्हती. मी घाबरले. दिल्लीत मोठ्या लोकांपुढं इंग्रजीत बोलायचं, चुकलं तर सगळे हसतील, एवढीच ती भीती. शेवटची तारीख जाऊ दिली. अप्पांनी विचारलं तेव्हा म्हटलं, तुमची तब्येत बरी नसते, घर सोडून कशी जाऊ? ते बरे होते. त्यांना वाईट वाटलं आणि ते त्यांच्या मनातच राहिलं. ते गेल्यावर मी लोकांना सांगू लागले की त्यांनी अडवलं. मेलेला माणूस खोडून काढत नाही. पुढे मलाही ते खरं वाटायला लागलं.

तुझी सोयरीक मोडायला निघाले ती त्यामुळेच. माझी भीती मी त्या मुलाच्या नावावर लावली. तू घाबरलीस तेव्हा स्वतःहून जाऊन कागद दिलास. तुझ्यात नि माझ्यात एवढा फरक आहे, आणि तो बरा आहे.

डिसेंबरात तो आला की मी घरी असेन. मी राजधान्या विचारणार. त्याला सांगून ठेव.

आज जे जे ज्याच्या हाती दिलं, त्याची नोंद:

पोलीस कार्यालय, कोल्हापूर, हवालदार केरबा पोवार यांच्याकडे: माझा जबाब, दोन पानं, सहीनिशी, साक्षीदार बाळाबाई. पोच मिळाली, आवक शिक्का आजच्या तारखेचा.

आण्णाकडे: सगळी हकीकत, तोंडी. अपेक्षेप्रमाणे रडला. गल्लीत जायला निघाला होता, बाळाबाई पुढं गेल्याचं कळल्यावर बसला.

तुझ्याकडे, या पार्सलातून: जबाबाची नक्कल. चिमणाबाईनं 'त्या उन्हातल्या पोरीला' म्हणून बांधून दिलेले काजू. मी एकही खाल्ला नाही. आणि परीक्षेचा फॉर्म, १९६५ सालचा, चार पानी. नाव तेवढं भरलेलं, बाकी कोरा.

तुझी
आक्का